भीमगीतांच्या कॅसेटचा काळ : काही आठवणी, काही नोंदी

स्मरणिका समितीच्या मंडळींनी आम्हांस विहाराच्या जडणघडणीवर लिहा म्हणून सांगितले होते. परंतु पायाभरणी, वर्गणी, पत्रे जाऊन स्लॅब कसा पडला, हा इतिहास आमच्यापेक्षा जाणते लोक याच अंकात लिहीत आहेत. आम्ही पडलो गिरणी कामगार. आयुष्यभर आमच्या कानात दोन आवाज राहिले. एक साच्यांचा, दुसरा कॅसेटवरच्या गाण्यांचा. साच्यांचा आवाज बंद झाला, त्यावर पुष्कळांनी लिहिले. कॅसेटवर आपल्यापैकी फारसे कोणी लिहीत नाही, म्हणून हाच विषय घेतला. १९८७ ते १९९४ ही वर्षे मुख्यतः डोळ्यांसमोर आहेत. आज पन्नाशी ओलांडलेल्यांची ती तरणी वर्षे, तेव्हा जिव्हाळा थोडा जास्त होईल. वाचकांनी तो चालवून घ्यावा.

आपल्याकडे गाणे करमणुकीच्या आधी चळवळीचे हत्यार म्हणून आले. १९३० च्या दशकात नाशिककडचे भीमराव कर्डक आपल्या साथीदारांसह जलसे घेऊन गावोगाव फिरले. तमाशाचा साज तोच ठेवला आणि त्यात माणुसकीच्या लढ्याची गोष्ट घातली. पुढे वामनदादा कर्डक आले. आडनाव एक, पण माणसे दोन, हे नव्या मुलांसाठी सांगतो. वामनदादा सिन्नर तालुक्यातील देशवंडीचे, जन्म १५ ऑगस्ट १९२२. मुंबईत शिवडीला राहून मोलमजुरी केली, अक्षरओळख झाली ती मोठेपणी. १९४३ साली त्यांनी पहिले गाणे केले, तेही एका हिंदी सिनेमातील गाण्याच्या चालीवर. ही गोष्ट ध्यानात ठेवा, पुढे तिचे काम पडणार आहे.

कॅसेटच्या आधी गाणे ऐकायचे म्हणजे रात्र जागवायची. जयंती असो की बुद्ध पौर्णिमा, गायन पार्टी यायची. पेटी, ढोलकी, बँजो आणि मागे कोरसवाले. दोन पाट्यांचा सामना लागला की मग बघायलाच नको. एकाने सवाल टाकायचा, दुसऱ्याने गाण्यातून जबाब द्यायचा. मधूनच कुणीतरी उठून दोन रुपयांची नोट पेटीवर ठेवायचा आणि गायक गाणं थांबवून त्याचं नाव पुकारायचा. घामाचे दोन रुपये आणि माइकवर नाव! पहाटे कोंबडा आरवेपर्यंत माणूस जागचा हलत नसे. आणि त्या गाण्यांना एक शिस्त होती. शेवटच्या कडव्यात कवीचे नाव यायचे. वामनदादा 'वामन' हे नाव गुंफायचे, बाकीचे कवी आपापले. त्यामुळे गाणे कुणाचे हे अडाणी माणसालाही तोंडपाठ असे. छापील पुस्तक नव्हते, पण नाव गाण्यातच शिवलेले होते.

कॅसेट ही वस्तू फिलिप्स कंपनीने १९६३ साली आणली. आपल्या वस्तीत ती पोचायला वीसेक वर्षे गेली. त्याआधी तबकड्या होत्या, त्या काढणारी मोठी कंपनी एचएमव्ही. तबकडी महाग, तिचे यंत्र त्याहून महाग. प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप यांच्यासारख्या मोठ्या गायकांच्या तबकड्या निघाल्या, पण त्या ऐकायच्या त्या लाऊडस्पीकरवाल्याच्या कृपेने. १९८० च्या दशकात टेपरेकॉर्डर स्वस्त झाले आणि गुलशन कुमार यांच्या टी-सिरीजसारख्या नव्या कंपन्यांनी कॅसेटचा भाव एकदम खाली आणला. वीस-पंचवीस रुपयांत तासाभराची गाणी घरात येऊ लागली. कोऱ्या कॅसेटवर दुसऱ्याची कॅसेट उतरवून घेतली तर आणखी स्वस्त. मोठ्या कंपन्यांना जी गाणी खपणार नाहीत असे वाटायचे, ती गाणी छोट्या कंपन्या काढू लागल्या. आपले भीमगीत घराघरांत शिरले ते याच दारातून.

आपल्या ठाणे-बेलापूर रस्त्याच्या बाजूला तेव्हा काय होते ते जुन्यांना ठाऊक आहे. कारखाने, दगडखाणी, बाजार समितीची गोदामे आणि त्यांच्या आधाराने उभ्या राहिलेल्या झोपड्या. मराठवाडा, सोलापूर, विदर्भ, सगळीकडची माणसे. १९८२ च्या संपानंतर गिरणगाव सोडून आलेलीही बरीच. वाशीला रेल्वे आली ती १९९२ च्या मे महिन्यात. तोवर दादरला जायचे म्हणजे खाडीपुलावरून बसचे धक्के खात. तरी ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर जाणारा प्रत्येक जण शिवाजी पार्कच्या स्टॉलवरून दोन गोष्टी आणायचा, एक पुस्तक आणि एक कॅसेट. पुस्तक ज्याला वाचता येई तो वाची. कॅसेट मात्र सगळ्या गल्लीची असे.

आणि वर्षेही तशी होती. 'रिडल्स'च्या प्रकरणावरून ५ फेब्रुवारी १९८८ ला मुंबईत प्रचंड मोर्चा निघाला. १९९० साली बाबासाहेबांना मरणोत्तर भारतरत्न मिळाले, संसदेच्या मध्यवर्ती सभागृहात तैलचित्र लागले, बौद्धांना केंद्राच्या सवलती मिळाल्या, आणि १४ एप्रिल १९९१ पर्यंत जन्मशताब्दीचे वर्ष चालले. विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव विधिमंडळाने १९७८ साली केला होता. प्रत्यक्ष नामविस्तार झाला १४ जानेवारी १९९४ ला. मधल्या सोळा वर्षांत किती घरे जळली, किती माणसे गेली. या प्रत्येक गोष्टीवर गाणी निघाली. वर्तमानपत्रात आपली बातमी आतल्या पानावर चार ओळींत यायची. कॅसेटवर तिचे चांगले पाच मिनिटांचे गाणे यायचे. पोरासोरांना नामांतराचा इतिहास पाठ झाला तो शाळेत नव्हे, टेपसमोर बसून.

बायाबापड्यांचेही सांगितले पाहिजे. रात्रीच्या सामन्याला पुढे बसणारे पुरुषच जास्त. बाया घरातली कामे उरकून मागे उभ्या राहात, तेही पोर कडेवर घेऊन. टेप घरात आला तसे गाणे चुलीपाशी आले. रमाईवरच्या गाण्यांना जो मान मिळाला तो आमच्या मते याच बायांनी दिला. भाकऱ्या थापता थापता तेच गाणं पुन्हा लावायला सांगायच्या. "अरे, फिरव की मागं," असं म्हटलं की पोरगं पेन्सिल घेऊन फीत फिरवायला बसायचं, कारण बटणानं फिरवली तर सेल उतरतात!

प्रल्हाद शिंदे यांच्याविषयी दोन शब्द. मंगळवेढ्याकडचा हा माणूस. विठ्ठलाची गाणी त्याच गळ्यातून आणि भीमरायाचीही त्याच गळ्यातून. आमच्यातल्या काही कडक कार्यकर्त्यांना हे खटके. 'एका तोंडाने दोन देव कसे?' असे विचारत. आम्हांस तसे वाटले नाही. पोटासाठी गाणारा कलावंत आहे, कंपनी जे देईल ते गातो. पण भीमगीत गाताना आवाजाला जी धार चढते ती पैशाने येत नाही. त्यांचे चिरंजीव आनंद आणि मिलिंद यांनी तो आवाज पुढच्या पिढीत नेला. १९८० च्या दशकाच्या अखेरीस 'पोपटा'च्या गाण्याने आनंद शिंदे यांचे नाव महाराष्ट्रभर झाले. ज्या दुकानात १९९० साली 'आशिकी'ची कॅसेट दिवसभर वाजायची, त्याच दुकानात शेजारी शिंदे बंधूंची भीमगीते लटकलेली असत, आणि दोन्ही खपत.

दुसरा वाद चालींचा. सिनेमाच्या चालीवर भीमगीत करणे हा म्हणे उथळपणा. असे म्हणणाऱ्यांनी वामनदादांचे पहिले गाणे आठवावे. मजुराजवळ संगीतकार ठेवायला पैसे नसतात, चाल रस्त्यावर पडलेली असते, ती तो उचलतो आणि तिच्यात आपला माल भरतो. लोकांना चाल आधीच पाठ असते, म्हणून शब्द एका रात्रीत पाठ होतात. १९९३ साली वर्ध्याला पहिले अखिल भारतीय आंबेडकरी साहित्य संमेलन झाले, त्याचे अध्यक्ष वामनदादाच होते. ज्याने मुळाक्षरे मोठेपणी गिरवली त्याला साहित्यिकांनी खुर्ची दिली. आणखी कसली पावती पाहिजे?

आमची तक्रार वेगळीच आहे. कॅसेटने गायक मोठा केला आणि कवी लहान केला. कसे ते सांगतो. साठ मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू तीस मिनिटांची. त्यात चार-पाच गाणी बसवायची. मग कुठे कात्री लागणार? रात्रीच्या कार्यक्रमात सात कडव्यांचे गाणे सात कडव्यांचे असे. कॅसेटवर तीन-चार कडवी. कवीचे नाव असते शेवटच्या कडव्यात, आणि गळते तेच. राहिले कव्हर. कव्हरवर गायकाचा फोटो, कंपनीचे नाव ठसठशीत, आणि गीतकार अगदी बारीक अक्षरात, कधी तेवढेही नाही. आमच्या वस्तीतल्या गायन पार्टीची एक कॅसेट १९९१ साली एका छोट्या कंपनीने काढली. सहा गाणी होती, सहाही आमच्यातल्या एका हमाल दादांनी रचलेली. कॅसेट हातात आली तेव्हा सहा गाण्यांपुढे 'पारंपरिक' असे छापलेले! दादा मालाच्या गाडीवर पोती वाहात होते आणि त्यांची गाणी परंपरेच्या नावावर जमा झाली. आम्ही कंपनीच्या कचेरीत दोन खेपा घातल्या, नुसता चहा पाजून परत पाठवले. दादा आता हयात नाहीत. घरच्यांच्या इच्छेवरून त्यांचे नाव येथे छापत नाही, पण विहाराच्या नोंदवहीत सहा गाण्यांसह ते लिहून घेतले आहे.

प्रतापसिंग बोदडे, हरेंद्र जाधव, लक्ष्मण राजगुरू ही नावे निदान जाणकारांना माहीत आहेत. पण ज्यांनी चार-सहा गाणी लिहिली आणि पुन्हा कामाला लागले, त्यांचे काय? आज त्या काळची गाणी मोबाइलवर ढिगाने सापडतात. जयंतीच्या मिरवणुकीत डीजेवर तीच वाजतात, खाली ढोलाचा दणका जोडून. कुणीतरी जुनी कॅसेट उतरवून टाकलेली असते; गायकाचे नाव असते, चॅनेलवाल्याचे असते, कवीचे नसते. तरुण मुलांना दोष देत नाही. कव्हरच हरवले, तर पोरांनी नाव आणायचे कुठून?

शाहीर विलास घोगरे यांचे उदाहरण घ्या. मुलुंडचा हा गायक चळवळीत गात राहिला. ११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या रमाबाई नगरात गोळीबार होऊन दहा माणसे मारली गेली, त्यानंतर काही दिवसांतच त्यांनी स्वतःचे जीवन संपवले. त्यांचा आवाज आज ऐकायला मिळतो, कारण आनंद पटवर्धन यांनी १९८५ च्या 'हमारा शहर' चित्रपटात तो घेतला होता आणि पुढे २०११ साली 'जय भीम कॉम्रेड' केला. कॅमेऱ्यापुढे गायले ते राहिले. चौकात गायले ते ऐकणाऱ्यांबरोबर चालले आहे.

रात्रीचे सामनेही आता परत येणार नाहीत. २००० साली ध्वनिप्रदूषणाचे नियम आले, रात्री दहानंतर लाऊडस्पीकर बंद. वर्षातले मोजके दिवस सरकार बारापर्यंत सवलत देते. आजारी माणसांसाठी, अभ्यास करणाऱ्या मुलांसाठी नियम चांगलाच आहे, आम्ही त्याच्या विरोधात नाही. पण दहा वाजता तर सामन्याचा पहिला सवाल पडायचा! वामनदादा १५ मे २००४ ला गेले, त्याच वर्षी जूनमध्ये प्रल्हाद शिंदे गेले. विठ्ठल उमप २६ नोव्हेंबर २०१० ला नागपूरला दीक्षाभूमीवर, कार्यक्रमातच गेले.

मग करता येण्यासारखे काही आहे की नाही? आहे. गी पॉइटवॅँ आणि हेमा राईरकर या दोघांनी त्याच सुमारास खेड्यापाड्यांतल्या बायांकडून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. एक लाखाच्या वर भरल्या. त्यांत बाबासाहेबांवरच्याही ओव्या आहेत, आणि ओवी देणाऱ्या बाईचे नाव नि गाव टिपून ठेवले आहे. सही करता न येणाऱ्या आयाबहिणींची नावे अशी राहिली. भीमगीतांच्या बाबतीत हे काम वस्तीवस्तीत आपल्यालाच करावे लागेल, कारण कॅसेट आपल्याच माळ्यावर आहेत.

आणि कॅसेटला वेळ थोडा आहे. केसाहून पातळ फीत, तिच्यावर लोखंडाच्या गंजाची बारीक पूड, तीत गाणे साठवलेले. खाडीच्या दमट हवेत तिला पांढरी बुरशी धरते. तेव्हा घरी कॅसेट सापडली तर घाईने जुन्या टेपमध्ये घालू नये, फीत गुंडाळली जाऊन तुटते. बुरशी दिसत नसेल, तर आधी पेन्सिलीने हलक्या हाताने एकदा शेवटपर्यंत आणि परत फिरवावी. बुरशी दिसली तर फिरवूही नये, वेगळ्या पिशवीत घालून तशीच ठेवावी. वरच्या कडेचे दोन छोटे कान शाबूत असतील तर ते मोडून टाकावेत, म्हणजे चुकूनही तिच्यावर दुसरे काही भरले जाणार नाही. उतरवून घेण्याची सोय आपल्या मुलांनी विहारात केली आहे. टेप आणि संगणक जोडणारी तार आणि हेड पुसायला स्पिरिट एवढेच लागते.

रविवारी वंदनेनंतर आम्ही नोंदवही घेऊन बसतो. ज्यांना गाणे आठवते, पण कॅसेट नाही, त्यांनी येऊन शेवटचे कडवे तेवढे सांगावे. ज्यांच्याकडे कॅसेट आहे पण फीत तुटली आहे, त्यांनी ती तशीच आणावी. आणि कॅसेट गेली, नुसते कव्हर राहिले असेल, तर तेही आणा.