हातचा गेलेला डाव

डाव हरल्याचे दुःख कोणासही होते. परंतु जिंकलेला डाव आपण आपल्याच हाताने सोडून दिला, हे मागाहून कळले म्हणजे जे वाटते त्याची जात निराळी आहे. हरणारा दैवास, प्रतिपक्षाच्या कौशल्यास किंवा त्या दिवसाच्या डोकेदुखीस बोल लावू शकतो. ज्याचा विजय हातचा गेला त्यास बोल लावावयास स्वतःवाचून दुसरे कोणी सापडत नाही.

यवतमाळ जिल्ह्यातील ज्या खेड्यात माझे बालपण गेले, तेथील पारावरच्या एका फरशीवर कोणी एके काळी छिन्नीने रेघा कोरून ठेवल्या होत्या. मध्ये पंचवीस बिंदूंचा चौकोन आणि त्याच्या समोरासमोरच्या दोन बाजूंस सहा-सहा बिंदूंचे दोन त्रिकोण, मिळून सदतीस घरे. एकीकडे सोळा पांढरे खडे, दुसरीकडे सोळा चिंचोके, आणि मधली पाच घरे रिकामी. चाल एका घराची. शत्रूच्या मोहऱ्यावरून उडी मारून पलीकडच्या रिकाम्या घरात उतरले की ते मोहरे मेले. आणि उडीपुढे उडी मिळत गेली तर एकाच चालीत दोन-तीनही गारद होतात. ह्या खेळास हिंदुस्थानात नावे पुष्कळ आहेत. मोगल-पठाण हे त्यांतील बरेच परिचित. इंग्रजांच्या ड्राफ्ट्सचा, ज्यास अमेरिकेत चेकर्स म्हणतात त्याचा, हा सख्खा नव्हे तरी चुलत भाऊ खराच. स्पेनचा राजा दहावा आल्फोन्सो ह्याने १२८३ साली खेळांवरचा एक ग्रंथ सिद्ध करविला. त्यात ‘अल्केर्के’ नावाचा जो खेळ दिला आहे, त्याचा पट म्हणजे आमच्या फरशीवरचा तो मधला पंचवीस बिंदूंचा चौकोनच होय. पुढे युरोपात हीच उड्यांची लढाई बुद्धिबळाच्या चौसष्ट घरांवर गेली आणि तिचे ड्राफ्ट्स झाले, असे ह्या विषयाचे अभ्यासक मानतात.

पारावर एक वृद्ध गृहस्थ रोज येऊन बसत. आम्ही मुले त्यांस आबाजी म्हणत असू. ते स्वतः क्वचितच खेळत. डाव संपला, हरलेला पोर तोंड वाकडे करून उठू लागला, की ते काठीने त्यास अडवीत आणि वाकून मोहरी पुन्हा मांडू लागत. शेवटापासून मागे मागे जात, मेलेले खडे एकेक करून जिवंत करीत, ते एका जागी थांबत आणि म्हणत, “पाह्य गा, जीत तं इथंच होती तुही. तूच सोडून देल्ली.” मग तो दोन खडे बळी देऊन तीन चिंचोके मारण्याचा मार्ग ते दाखवीत. आम्ही अवाक् होत असू. आज विचार करता मला त्या मार्गापेक्षा त्यांच्या पुढच्या वाक्याचे नवल वाटते. माझ्या एका डावानंतर ते म्हणाले होते, “तीन खडे वर झाला न, तवाच तुहं पाहणं सरलं.” मी पुढे होतो म्हणून पाहावयाचा थांबलो, आणि पाहावयाचा थांबलो म्हणून हरलो. ही मीमांसा एखाद्या मोठ्या ग्रंथात शोभावी. पण ती ज्या डावावर केली होती तो डाव संध्याकाळी खडे गोळा केले तेव्हाच नाहीसा झाला, आणि आबाजी गेले तेव्हा त्यांनी पाहिलेले सारे हजारो डाव त्यांच्याबरोबर गेले.

आमच्याकडे खेळ लिहून ठेवण्याची विद्या नव्हती, असे मात्र कोणी समजू नये. मौज अशी की ती फार पूर्वीपासून होती. नवव्या शतकातील रुद्रटाने ‘काव्यालंकारा’त तुरगपदबंध दिला आहे: श्लोकाची अक्षरे बुद्धिबळाच्या घरांत भरावयाची आणि घोड्याच्या चालीने वाचावयाची, तरी तोच श्लोक निघावा. बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वराने ‘मानसोल्लासा’त चतुरंगाचे प्रकरण घातले आणि घोडा साऱ्या पटावरून कसा हिंडवावा हे अक्षरांच्या खुणांनी सांगितले. सतराव्या शतकात काशीस राहणारा नीलकंठ भट्ट, ज्याचे घराणे मूळचे पैठणचे, त्यानेही आपल्या ‘नीतिमयूखा’त बुद्धिबळास जागा दिली. घरास नाव देणे आणि त्या नावांनी मोहऱ्याची वाट लिहिणे, ह्याहून अधिक साधन डाव टिपून ठेवण्यास लागत नाही. आमच्या पंडितांनी ह्या साधनाचा उपयोग चमत्कारासाठी केला. घोडा चौसष्ट घरे हिंडून आला, ह्यात कोणाची हार नाही, कोणाची चूकही नाही. दोन माणसे अमुक दिवशी बसली, एकाने अशी चाल केली, दुसऱ्याने तशी, आणि विसाव्या चालीस पहिला फसला, हे लिहून ठेवण्याजोगे आहे, असे कोणास वाटलेच नाही.

पेशवाईच्या अखेरीस ह्या दिशेने एक पाऊल पडले. १८१४ साली, म्हणजे शनिवारवाड्यावरील जरीपटका उतरण्यास तीन वर्षे उरली असता, मुंबईस त्रिवेंगडाचार्य शास्त्री ह्यांचे बुद्धिबळावरील पुस्तक इंग्रजीत छापून निघाले. मूळ ग्रंथ संस्कृतात, नाव ‘विलासमणिमंजरी’. त्यात मोठ्या प्रमाणावर आहेत ती बिकट प्रसंगांची कूटे: अशी मांडणी आहे, इतक्या चालींत मात करा. खेळत्या पटावर विजय हाताशी असून दिसत नाही तो क्षण, आणि कूट, ह्यांत अंतर फार थोडे आहे. माझ्या मते कूट म्हणजे हुकलेलाच विजय, फक्त तो हुकविणारा माणूस त्यातून काढून टाकलेला असतो. शास्त्रीबुवांच्या कूटांमागे कितीएक खरे डाव असतील, त्यांत कोणाकोणाची फजिती झाली असेल, ह्याचा पुस्तकात मागमूस नाही. पंडिताने फुले घेतली आणि रोपटे टाकून दिले.

आणि आमच्या देशी बुद्धिबळात विजय हुकण्याची सोय काही कमी नव्हती. प्याद्याने दिलेली मात सर्वांत मानाची, म्हणून कित्येकजण वजिराने सहज होणारी मात सोडून प्याद्यामागे लागत आणि डाव घालवून बसत. त्यातच बुर्जीचा नियम. प्रतिपक्षाची सारी मोहरी मारून राजा एकटा उरला की पुरता जय पदरात पडावयाचा नाही; तेव्हा पुढे असणाऱ्यास शेवटचे मोहरे न मारण्याचा संयम पाळावा लागे. मारावयास मिळत असताना हात आवरणे किती कठीण असते, हे ज्याने आवरून पाहिले असेल त्यासच ठाऊक.

तिकडे इंग्लंडात १७५६ साली विल्यम पेन ह्या गणिताच्या शिक्षकाने ड्राफ्ट्सवर एक लहानसे पुस्तक प्रसिद्ध केले. त्याचे अर्पणपत्र लिहून दिले कोशकार डॉक्टर जॉन्सनने, इतका हा खेळ तेथील विद्वानांच्या घरात शिरलेला होता. ज्या बत्तीस घरांवर हा खेळ चालतो त्यांस एकपासून बत्तीसपर्यंत आकडे दिलेले. एवढ्या भांडवलावर डावच्या डाव कागदावर उतरले. १८०० साली जोशुआ स्टर्जेसचे पुस्तक आले आणि पुढील शतकात स्कॉटलंडच्या विणकरांपासून शाळामास्तरांपर्यंत सर्वांनी एकमेकांच्या छापील चुका शोधण्याचा सपाटा लावला. एकाने लिहावे की येथे बरोबरी आहे. दुसऱ्याने वीस वर्षांनी दाखवावे की नाही, येथे जय होता. हारजीतीस लाज मानण्याची रीत तेथेही होतीच; परंतु लिहिलेली चूक माणसाची राहत नाही, ती खेळाची होते, आणि मग तिच्याकडे पाहण्यास लाज वाटत नाही.

हिंदुस्थानात प्रत्यक्ष डाव टिपले जाऊ लागले ते कलकत्त्यास, एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास. जॉन कॉक्रेन हा बॅरिस्टर तेथे महेशचंद्र बंदोपाध्याय नावाच्या बंगाली गृहस्थाशी बुद्धिबळ खेळे आणि डाव विलायतेस छापावयास धाडी. महेशचंद्र पुष्कळदा हरले. पण ते कसे हरले आणि कोठे जिंकू शकले असते हे आज आपण पाहू शकतो. त्याच काळी पुण्यात त्यांच्या तोडीचा कोणी नसेल असे मानण्यास माझे मन तयार नाही. त्याचा एकही पराभव मात्र आपल्यापाशी नाही. पुढे पंजाबचा सुलतान खान १९२९ साली विलायतेस जाऊन तेथला विजेता झाला आणि १९३०-३१ च्या हेस्टिंग्जच्या स्पर्धेत त्याने कापाब्लांकास हरविले. तो वाढला होता देशी नियमांत, जेथे प्यादे पहिल्या चालीसही एकच घर जाते. विलायती डावांचा आरंभ त्यास छापील विद्येवाचून निभावावा लागला, आणि त्याचे कित्येक डाव तेथेच अवघड झाले.

पारावरच्या खेळांच्या वाट्यास तर तेवढेही आले नाही. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात हेमचंद्र दासगुप्त ह्या भूगर्भशास्त्रज्ञाने निरनिराळ्या प्रांतांतील अशा बैठ्या खेळांची टिपणे बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात दिली, हे त्यांचे उपकारच. पट कसा, खडे किती, मारण्याचा नियम कोणता, सारे त्यांत सापडते. खेळलेला डाव सापडत नाही. व्याकरण हाती आले, वाक्य एकही नाही.

ड्राफ्ट्सचे पुढे काय झाले ते सांगितलेच पाहिजे, कारण तेथे ह्या चुका शोधण्याचा छंद अखेरपर्यंत गेला. मॅरियन टिन्सली हा फ्लॉरिडातील गणिताचा प्राध्यापक चाळीसहून अधिक वर्षांत मोजकेच डाव हरला. कॅनडातील अल्बर्टा विद्यापीठात जोनाथन शेफर ह्यांनी ‘चिनूक’ नावाची यंत्रप्रणाली तयार केली. १९९० साली तिच्याशी खेळताना दहाव्या चालीसच टिन्सलीने सांगून टाकले की ह्या चालीचा तुम्हांस पश्चात्ताप होईल. यंत्रास त्या वेळी काहीच वावगे दिसत नव्हते. डाव टिन्सलीने जिंकला, आणि त्याचे भाकीत खरे होते हे शेफर ह्यांस पुढे यंत्राकडूनच पडताळून मिळाले. १९९२ साली लंडनास झालेल्या लढतीत टिन्सलीने चार डाव जिंकले, दोन गमावले, बाकीचे बरोबरीत सुटले. १९९५ मध्ये तो वारला. २००७ साली शेफर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सिद्ध केले की दोन्ही बाजूंनी निर्दोष खेळ झाल्यास ड्राफ्ट्सचा डाव बरोबरीतच सुटावयाचा. ह्याचा अर्थ नीट ध्यानी घेतला तर माणूस चपापतो. पेनच्या काळापासून आजवर ह्या खेळात जो जो कोणी जिंकला, तो दुसऱ्याच्या चुकीने जिंकला. निव्वळ स्वतःच्या गुणांनी मिळविलेला विजय ह्या खेळात एकही नाही.

बुद्धिबळाचा असा निकाल लागलेला नाही. परंतु चूक दाखविणारे यंत्र तेथेही घरोघर आले आहे. २०२५ च्या जुलैमध्ये जॉर्जियातील बाटुमी येथे महिलांच्या विश्वचषकाचा अंतिम सामना नागपूरची एकोणीस वर्षांची दिव्या देशमुख आणि आंध्रची कोनेरू हंपी ह्यांच्यात झाला. नागपूर आमच्यापासून जेमतेम दीडशे किलोमीटर. घरची मुलगी खेळते आहे अशा भावनेने आम्ही पाहत होतो. पहिल्याच डावात दिव्येस जिंकण्याची स्थिती आली आणि निसटली. ती निसटल्याचे पटावर बसलेल्या दोघींआधी आमच्या घरातील दहा वर्षांच्या पोरास समजले, कारण पडद्याच्या कडेस उभी असलेली पट्टी एकदम खाली घसरली. तो ओरडला, “गेला!” मी विचारले, काय गेले? ते त्यास सांगता येईना. दोन्ही डाव बरोबरीत सुटून २८ जुलैस जलद डाव झाले. त्यांत अखेरीस हंपीची चूक झाली आणि दिव्या विजयी होऊन ग्रँडमास्टरही झाली. जिंकल्यावर तिने मोकळेपणाने सांगितले की आपणास डावाच्या शेवटाचा अभ्यास अजून करावयास हवा. विजयाच्या घटकेस स्वतःचा हुकलेला विजय आठवणारी ही मुलगी आबाजींस फार आवडली असती.

पट्टीने चूक दाखविली. चूक का झाली हे दाखविले नाही. ती तीन खडे वर झाल्यामुळे पाहावयाची थांबली होती, की घड्याळाच्या धाकाने, की केवळ थकल्यामुळे, हे विचारणारे माणूस शेजारी लागते. उलट आबाजींस कारण कळे, पण डाव कागदावर नसे. दोन्ही गोष्टी एका ठिकाणी जुळून येण्याचे भाग्य मोगल-पठाणास लाभलेच नाही. बाटुमीच्या त्या सामन्यानंतर मी फरशीवरचा पट वहीत उतरविला, पेनच्या धर्तीवर सदतीस घरांस आकडे दिले, आणि त्या पोरास समोर बसवून आमचा डाव टिपावयास घेतला. नियमांवरूनच पहिल्या दिवशी तंटा झाला. मारणे सक्तीचे की ऐच्छिक, ह्यावर त्याचे आणि माझे जमेना, आणि विचारावयास आता पारावर कोणी नाही. शेवटी ऐच्छिक धरून खेळलो. एकतिसाव्या चालीपर्यंत लिहून झाले आहे. माझे दोन खडे अधिक आहेत आणि चाल माझी आहे.