८७, ८९, ९३ : पंपावरच्या आकड्यांची गोष्ट



गाडीत गॅस भरायला थांबलं की समोर तीन बटणं असतात: ८७, ८९ आणि ९१ किंवा ९३. महाग ते चांगलं, या हिशेबाने आपल्यातले बरेच जण नव्या गाडीसाठी तिसरं बटण दाबतात. या आकड्यांचा नेमका अर्थ काय आणि त्यांच्यामागे केवढा इतिहास आहे, ते आज पाहू या.

इंजिनाच्या सिलिंडरमध्ये पिस्टन पेट्रोल आणि हवेचं मिश्रण दाबतो, मग स्पार्क प्लगची ठिणगी पडते आणि ते पेटतं. जितका दाब जास्त, तितकी त्याच इंधनातून ताकद जास्त. पण दाबाने मिश्रण तापतं आणि त्याचा काही भाग आपणहून भडकतो. मग इंजिनातून टकटक आवाज येतो. यालाच मेकॅनिक नॉकिंग म्हणतात. ते फार वाढलं तर पिस्टनलाच इजा होते. शंभर वर्षांपूर्वी मोटार कंपन्यांची गाडी इथेच अडली होती.

ओहायोतल्या डेटन शहरात जनरल मोटर्सच्या प्रयोगशाळेत चार्ल्स केटरिंग यांच्या हाताखाली थॉमस मिजली हा इंजिनिअर यावर उपाय शोधत होता. डिसेंबर १९२१ मध्ये तो सापडला: टेट्राएथिल लेड, म्हणजे शिशाचं एक संयुग. गॅलनभर पेट्रोलला काही ग्रॅम पुरे, टकटक बंद! अल्कोहोलनेही हे काम होतं, हे या मंडळींना ठाऊक होतं. पण ते खूप जास्त मिसळावं लागे आणि त्यावर कोणाची मक्तेदारी चालणार नव्हती. फेब्रुवारी १९२३ मध्ये डेटनच्या एका पंपावर शिसंयुक्त पेट्रोलची पहिली विक्री झाली. त्याचं नाव ठेवलं 'एथिल'. नावात शिशाचा उल्लेखच नव्हता.

शिसं विषारी असतं, हे तेव्हाही सर्वांना माहीत होतं. ऑक्टोबर १९२४ मध्ये न्यू जर्सीतल्या बेवे इथे हे रसायन बनवणाऱ्या कारखान्यात पाच कामगारांचा मृत्यू झाला. मरण्यापूर्वी त्यांना भ्रम झाले होते. त्यानंतर मिजलीने पत्रकारांसमोर हे रसायन हातावर ओतून, त्याचा वास घेऊन दाखवला. त्याआधी शिशाच्या विषबाधेमुळे त्याला स्वतःलाच रजा घ्यावी लागली होती! १९२५ मध्ये विक्री थांबली, सरकारी बैठक झाली. डॉ. अॅलिस हॅमिल्टन यांच्यासारख्या तज्ज्ञांनी विरोध केला. तरीही १९२६ मध्ये विक्री पुन्हा सुरू झाली.

ऑक्टेनचं मोजमाप याच सुमाराचं. ग्रॅहम एडगर या रसायनशास्त्रज्ञाने दोन द्रव निवडले. सहज नॉकिंग करणाऱ्या हेप्टेनला शून्य आणि ते टाळणाऱ्या आयसोऑक्टेनला १००. म्हणजे ८७ आकड्याचं पेट्रोल ८७ भाग आयसोऑक्टेन आणि १३ भाग हेप्टेनच्या मिश्रणाइतकाच दाब सोसतं. लक्षात घ्या, हा आकडा ताकदीचा नाही, सोशिकपणाचा आहे.

यापुढची पन्नास वर्षं जगभरच्या मुलांनी शिशाचा धूर श्वासात घेतला. पृथ्वीचं वय मोजणाऱ्या क्लेअर पॅटरसन यांना आपल्या नमुन्यांत सगळीकडे शिसं मिसळलेलं आढळलं. माणसाच्या अंगातलं शिसं नैसर्गिक पातळीच्या कितीतरी पट आहे, असं त्यांनी १९६५ मध्ये मांडलं आणि उद्योगाचा रोष पत्करला. मुलांच्या मेंदूवर शिशाचा परिणाम होतो, हेही पुढे सिद्ध होत गेलं. १९७५ पासून अमेरिकेतल्या नव्या गाड्यांत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आले. शिशाने ते निकामी होतात, म्हणून बिनशिशाचं पेट्रोल पंपावर ठेवणं भाग पडलं. १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून १९९० च्या सुरुवातीपर्यंत अमेरिकनांच्या रक्तातलं शिसं ७५ टक्क्यांहून जास्त घटलं. रस्त्यावरच्या गाड्यांसाठी पूर्ण बंदी १९९६ ची. भारतात मुंबईसह चार महानगरांत १९९५ पासून नव्या गाड्यांसाठी बिनशिशाचं पेट्रोल आलं, तर २००० मध्ये देशभर. सगळ्यात शेवटी, २०२१ मध्ये, अल्जीरियात ते थांबलं.

आज हा सोशिकपणा शुद्धीकरणाच्या सुधारलेल्या पद्धतींतून आणि इथेनॉलमधून येतो. ज्या अल्कोहोलला तेव्हा बाजूला सारलं, तेच परत आलं!

आता आपल्या खिशाचा प्रश्न. ज्या इंजिनाची रचना ८७ साठी आहे, त्याला ९३ घातल्याने ना वेग वाढत, ना इंजिन स्वच्छ होत. टर्बो किंवा जास्त दाबाच्या इंजिनाची गोष्ट वेगळी. त्यात कमी ऑक्टेन घातलं तर नॉकिंग टाळण्यासाठी कॉम्प्युटर ठिणगी उशिरा पाडतो आणि ताकद व मायलेज दोन्ही घटतात. गाडीचं मॅन्युअल उघडा. तिथे प्रीमियम 'रिक्वायर्ड' असेल तर तेच भरा, 'रेकमेंडेड' असेल तर साध्यावरही गाडी चालेल, आणि काहीच नसेल तर साधंच पुरे.

आणखी एक. भारत, ब्रिटन आणि आखातात फक्त 'रिसर्च' पद्धतीचा आकडा लिहितात. अमेरिकेत तो आणि 'मोटर' पद्धतीचा, अशा दोन आकड्यांची सरासरी. त्यामुळे 'रिसर्च' पद्धतीचं ९१ हे साधारण इथल्या ८७ सारखंच. सुट्टीत घरी गेल्यावर "भारतातलं साधं पेट्रोल इथल्या प्रीमियमइतकं" असं नुसत्या आकड्यावरून कोणी म्हणालं, तर हा हिशेब जरूर सांगा.

पुढच्या वेळी मुलं मागच्या सीटवर असतील तेव्हा पंपावर लिहिलेला 'अनलेडेड' हा शब्द त्यांना दाखवा. तो तिथे यावा म्हणून काही माणसं वर्षानुवर्षं भांडली, हेही सांगा.

भेटू पुढच्या भागात. नमस्कार.