सूर्याचा वैरी आणि पाच दिवसांचे गणित

राहू सूर्याला ग्रासतो, ही कथा आपण सर्वांनी लहानपणी ऐकलेली असते. प्राचीन मिसर देशातही तिची एक बहीण होती. तेथे अपेप नावाचा महासर्प रोज रात्री सूर्यदेव रा याच्या नौकेवर चाल करून येई. ग्रीकांनी त्याला अपोफिस म्हटले, आणि २००५ साली हेच नाव एका लघुग्रहास देण्यात आले. या नामकरणाच्या आधीच्या डिसेंबरात जे घडले, ते विज्ञानाच्या इतिहासातील एक मोठे बोधप्रद प्रकरण आहे असे मला वाटते.

१९ जून २००४ रोजी अमेरिकेतील अ‍ॅरिझोना प्रांतात, किट पीक पर्वतावरून टकर, थोलेन आणि बर्नार्डी या तिघा ज्योतिर्विदांना तो प्रथम दिसला. दोन रात्रींचे वेध मिळाले आणि तो हातचा निसटला. १८ डिसेंबरला ऑस्ट्रेलियातील सायडिंग स्प्रिंग वेधशाळेला तो पुन्हा गवसला. मग अमेरिकेत आणि इटलीतील पिसा येथे स्वतंत्रपणे गणिते मांडली गेली, आणि दोन्हीकडून एकच तिथी पुढे आली: १३ एप्रिल २०२९.

२३ डिसेंबरला टकरीची शक्यता तीनशेत एक अशी होती. दुसऱ्या दिवशी ती साठांत एक झाली. २७ तारखेस सदतीसांत एक! संकट मोजण्याच्या शून्य ते दहा या तोरिनो मापावर त्याला चारचा आकडा मिळाला. इतका मोठा आकडा आजवर दुसऱ्या कोणत्याही लघुग्रहाच्या वाट्याला आलेला नाही.

वाचक विचारतील, वेध वाढले तशी भीती का वाढावी? याचे उत्तर सोपे आहे. थोड्या वेधांवरून लघुग्रहाची भावी जागा एका बिंदूने सांगता येत नाही. एक लांबलचक पट्टा तेवढा सांगता येतो. नवे वेध आले की तो पट्टा आखूड होतो. पृथ्वी त्या पट्ट्यात असेतोवर तिचा त्यातील वाटा वाढतच जातो. ती पट्ट्याबाहेर पडली, की शक्यता एकदम शून्यावर येते.

झालेही तसेच. किट पीकवरच घेतलेल्या मार्च २००४ मधील जुन्या छायाचित्रांत त्याचा अंधुक ठिपका सापडला. वेधांचा काळ त्यामुळे मागे लांबला आणि २७ डिसेंबरलाच २०२९ चे भय मिटले. पुढे २०३६ सालची शंका २०१३ मध्ये फिटली. २०२१ च्या रडार वेधांनी निदान शंभर वर्षांची निश्चिंती दिली.

परंतु हे गणित चालू असतानाच, २६ डिसेंबरच्या सकाळी सुमात्राजवळ समुद्राचा तळ हादरला. लाटांना तामिळनाडूच्या किनाऱ्यापर्यंत पोहोचायला सुमारे दोन तास लागले. त्या दोन तासांत इशारा देणारी यंत्रणा हिंदी महासागरात नव्हती. प्रशांत महासागरात ती कित्येक वर्षांपासून होती. अनेक देशांत मिळून दोन लाखांहून अधिक माणसे गेली. पंचवीस वर्षांपुढचे संकट आपण मोजीत होतो, आणि दोन तासांवरचे कोणी सांगितले नाही! हैदराबादचे सुनामी इशारा केंद्र त्यानंतर, २००७ मध्ये उभे राहिले.

म्हणून आकाशाकडे पाहणे व्यर्थ, असे मात्र मी म्हणणार नाही. दगड आकाशातून पडतात, हे बुलढाण्याच्या लोणार सरोवराकाठी उभे राहिले की पटते. काळ्या पाषाणातला तो सुमारे पावणेदोन किलोमीटर रुंदीचा खळगा अशाच एका आघाताने झालेला आहे. अपोफिस आपल्या घड्याळाप्रमाणे १४ एप्रिल २०२९ च्या पहाटे पृथ्वीपासून सुमारे बत्तीस हजार किलोमीटरवरून, म्हणजे दळणवळणाच्या उपग्रहांपेक्षाही जवळून जाईल. युरोप-आफ्रिकेतील लोकांना तो नुसत्या डोळ्यांनी दिसेल.

राहूला शांत करण्यासाठी आपले पूर्वज दान देत. या नव्या राहूचे भय मिटले ते कोणीतरी जपून ठेवलेल्या जुन्या छायाचित्रांमुळे. जे पाहिले ते नीट टिपून ठेवावे आणि वेळेवर सर्वांना सांगावे, एवढीच त्याची शांत. आकाशासाठी ती आपण केली. समुद्रासाठी करायला मात्र उशीर झाला.