गुडघ्याचे अस्थिबंध आणि अमेरिकन महाविद्यालयीन फुटबॉल : एका दुखापतीचा इतिहास

‘फुटबॉल’ हा शब्द उच्चारताच आपल्याकडील वाचकाच्या डोळ्यांपुढे मुंबईच्या रोव्हर्स चषकाचा किंवा कोल्हापूरच्या तालीम मंडळांचा, चेंडू पायाने खेळावयाचा खेळ उभा राहतो. प्रस्तुत निबंधाचा विषय तो खेळ नव्हे. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत ह्याच नावाने ओळखला जाणारा खेळ रग्बीपासून निघाला असून त्यात चेंडू हाती घेऊन धावणाऱ्यास अंगबळाने खाली पाडणे हाच खेळाचा गाभा आहे. हा खेळ प्रथम वाढला तो विद्यापीठांच्या आवारात. ६ नोव्हेंबर १८६९ रोजी न्यू ब्रन्सविक येथे रटगर्स व प्रिन्स्टन ह्या दोन महाविद्यालयांत झालेला सामना हा त्याचा प्रारंभ मानण्यात येतो. ह्या खेळातील मृत्यूंचा इतिहास बराच लिहिला गेला आहे. गुडघ्याचा इतिहास मात्र शस्त्रवैद्यांच्या नियतकालिकांत, नियमपुस्तकांत व न्यायालयांच्या निकालपत्रांत विखुरलेला आहे. हे तीन धागे एकत्र आणून पाहिले असता काय दिसते, एवढेच येथे तपासावयाचे आहे.

१. नियम आणि गुडघा

प्रथम शरीररचनेविषयी दोन शब्द सांगणे अवश्य आहे. मांडीचे हाड व नडगीचे हाड ह्यांचा सांधा मुख्यतः चार बंधांनी आवळलेला असतो. दोन्ही बाजूंस एकेक पार्श्वबंध असतो, आणि सांध्याच्या पोटात फुलीसारखे एकमेकांस छेदून जाणारे पुढचा व मागचा असे दोन क्रुशिएट बंध असतात. दोन हाडांच्या मध्ये अर्धचंद्राकृती कूर्चेच्या दोन गाद्या असतात. पाय जमिनीत रोवलेला असताना बाहेरच्या बाजूने गुडघ्यावर आघात झाला, तर सांधा आतल्या बाजूस वाकतो व आतील पार्श्वबंध ताणला जातो; आघात जोराचा असला किंवा त्याबरोबर पीळही पडला, तर पुढचा क्रुशिएट बंधही तुटतो.

आता नियमांकडे वळू. येल विद्यापीठाचा वॉल्टर कॅम्प ह्याने १८८० ते १८८२ ह्या काळात रग्बीच्या गोंधळातून एक निराळा खेळ घडविला. ११ खेळाडूंचा संघ, चेंडूचा निर्विवाद ताबा आणि तीन प्रयत्नांत पाच यार्डांची वाटचाल ही त्याची अंगे होत. परंतु आपल्या विषयाच्या दृष्टीने खरे महत्त्वाचे वर्ष १८८८ हे आहे. त्या वर्षी कॅम्पच्याच सूचनेवरून कमरेच्या खाली, गुडघ्यापर्यंत, पकड करून पाडण्यास मुभा देण्यात आली. तोपर्यंत मोकळ्या मैदानात चपळ धावपटूस पाडणे कठीण जाई. आता एकटा रक्षकही त्याचे पाय धरून त्यास पाडू लागला. परिणामी मोकळा खेळ आकसला, खेळाडूंच्या रांगा एकमेकींच्या जवळ आल्या आणि सामूहिक धडकीचे व्यूह रचले जाऊ लागले. हार्वर्डने १८९२ साली येलविरुद्ध वापरलेला ‘फ्लाइंग वेज’ हा पाचरीसारखा व्यूह त्यांपैकीच एक; दोनच वर्षांत त्यावर बंदी आली.

येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. १८८८ पूर्वीच्या व नंतरच्या गुडघ्यांची तुलना करता येईल अशी मोजदाद त्या काळी कोणी केली नव्हती. शिवाय पुढचा क्रुशिएट बंध कोणाचाही धक्का न लागता, केवळ वेगात दिशा बदलतानाही तुटतो, हे आज सर्वमान्य आहे. म्हणून त्या नियमाने दुखापत निर्माण केली असे म्हणणे अतिव्याप्तीचे होईल. मात्र त्या नियमाने गुडघा हे आघाताचे कायदेशीर लक्ष्य ठरविले, असे म्हणावयास हरकत नाही.

१९०५ च्या हंगामात वृत्तपत्रांनी १८ मृत्यू मोजले व देशभर खळबळ उडाली. राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट ह्यांनी ९ ऑक्टोबर १९०५ रोजी हार्वर्ड, येल व प्रिन्स्टन ह्यांच्या प्रतिनिधींस व्हाइट हाउसमध्ये बोलाविले. पुढील वर्षी हाताने चेंडू पुढे फेकण्यास परवानगी मिळाली आणि महाविद्यालयांची जी संघटना उभी राहिली तीच १९१० पासून ‘नॅशनल कॉलेजिएट अॅथलेटिक असोसिएशन’ ह्या नावाने ओळखली जाते. ह्या सुधारणांचा हेतू मृत्यू टाळण्याचा होता, आणि तो योग्यच होता. परंतु त्याच सुमारास, जानेवारी १९०६ मध्ये, निकल्स व स्मिथ ह्या हार्वर्डच्या दोन संघवैद्यांनी बॉस्टनच्या वैद्यकीय नियतकालिकात एका हंगामाची तपशीलवार नोंद प्रसिद्ध केली. दुखापतींची संख्या, त्यांची तीव्रता व त्यांचे कायमपण ही सर्वसाधारण समजुतीपेक्षा पुष्कळच अधिक आहेत, असा त्यांचा निष्कर्ष होता. ह्यांतील ‘कायमपण’ हा मुद्दा सार्वजनिक चर्चेत जवळजवळ हरवून गेला. मृत्यूची बातमी होते. लंगडत पदवी घेणाऱ्या विद्यार्थ्याची होत नाही.

२. शस्त्रवैद्याची दृष्टी

अस्थिबंधांचे ज्ञान प्राचीन आहे. क्रुशिएट हे नाव गेलेनपर्यंत मागे नेता येते. फ्रान्समधील लियों येथील बोने ह्याने १८४५ च्या ग्रंथात बंध तुटताना होणारा आवाज, सांध्यात साचणारे रक्त व हाडाचे सरकणे ह्यांचे वर्णन केले होते. परंतु तुटलेला बंध शिवण्याचे धाडस प्रथम झाले ते खेळाडूवर नव्हे, तर एका खाणकामगारावर. इंग्लंडमधील लीड्स येथे मेयो रॉबसन ह्याने १८९५ साली ४१ वर्षांच्या एका खाणकामगाराचे दोन्ही क्रुशिएट बंध शिवले, आणि काही वर्षांनी तो माणूस पुन्हा कामावर उभा राहिल्याचे १९०३ साली प्रसिद्ध केले. १९१७ साली ब्रिस्टलच्या हे ग्रोव्ह्ज ह्याने मांडीच्या पटलाची पट्टी घेऊन नवा बंध घडविण्याची कल्पना मांडली. ह्या घटनांचा क्रम लक्षात ठेवण्याजोगा आहे : गुडघ्यावर ज्याची रोजी अवलंबून होती अशा श्रमिकाच्या देहावर ही विद्या प्रथम अजमावली गेली.

अमेरिकन महाविद्यालयांत ह्या विद्येचा पाया घातला तो ओक्लाहोमा विद्यापीठाच्या संघाचे वैद्य डॉन ओडोनह्यू ह्यांनी. सुजलेला गुडघा प्लास्टरमध्ये घालून वाट पाहावयाची, ही तोपर्यंतची सामान्य रीत होती. ओडोनह्यूंनी १९५० च्या आपल्या प्रबंधात आग्रह धरला, की मोठा बंध तुटला असल्यास शस्त्रक्रिया पहिल्या काही दिवसांतच केली पाहिजे, कारण विलंबाने तुटलेली टोके आक्रसतात व त्यांची जुळणी होत नाही. आतील पार्श्वबंध, पुढचा क्रुशिएट बंध व आतील कूर्चा ह्या तिन्ही एकदम फाटण्यास त्यांनी ‘दुर्दैवी त्रयी’ असे नाव दिले, आणि ते नाव पाठ्यपुस्तकांत रूढ झाले. गंमत अशी, की १९९१ साली शेलबोर्न व निट्झ ह्यांनी इंडियानापोलिस येथील रुग्णांची तपासणी करून दाखविले, की अशा ताज्या दुखापतींत आतील कूर्चेपेक्षा बाहेरील कूर्चाच अधिक वेळा फाटलेली असते. चाळीस वर्षे टिकलेले नाव हे निरीक्षणापेक्षा सुटसुटीतपणावर किती जगते, ह्याचे हे उत्तम उदाहरण होय.

दुसरे उदाहरण कूर्चेचे. इंग्लंडमधील फेअरबँक ह्याने १९४८ सालीच दाखविले होते, की कूर्चा काढून टाकलेल्या गुडघ्यात क्ष-किरणांत दिसण्याजोगे झिजेचे बदल होतात. तरीही पुढील दोन दशके फाटलेली कूर्चा समूळ काढणे हाच शिरस्ता राहिला. ह्याचे कारण केवळ अज्ञान नव्हे. कूर्चा काढलेला खेळाडू काही आठवड्यांत मैदानावर परतत असे. झीज दिसावयास वर्षे लागत, आणि तोपर्यंत त्याचे नाव संघाच्या यादीतून गेलेले असे. म्हणजे यशाचे माप रुग्णाच्या आयुष्यावरून नव्हे, तर हंगामाच्या लांबीवरून घेतले जात होते.

हा प्रश्न अधिक लांबच्या मुदतीने पाहण्याचे श्रेय वेस्ट पॉइंट येथील लष्करी विद्यापीठाच्या वैद्यांस द्यावे लागेल. फेगिन व कर्ल ह्यांनी पुढचा क्रुशिएट बंध नुसता शिवलेल्या छात्रांचा पाच वर्षांनंतर मागोवा घेतला व १९७६ साली निष्कर्ष मांडला. प्रारंभी उत्तम वाटलेले परिणाम कालांतराने ढासळले होते. छात्र एकाच संस्थेत व पुढे सैन्यात राहत असल्यामुळेच असा मागोवा शक्य झाला. ह्यानंतर शिवण्याची रीत मागे पडली आणि गुडघ्याच्या वाटीखालील स्नायुबंधाचा तुकडा घेऊन नवा बंध बसविण्याची, केनेथ जोन्स ह्याने १९६३ साली मांडलेली दिशा पुढे आली. त्याच १९७६ साली फिलाडेल्फियाच्या टॉर्ग व त्यांच्या सहकाऱ्यांनी आपले शिक्षक लॅकमन ह्यांची परीक्षा प्रसिद्ध केली. गुडघा काटकोनात वाकविण्याऐवजी २० ते ३० अंशांतच ठेवून नडगी पुढे ओढावयाची, एवढाच तिचा विधी. पण ज्या तुटलेल्या बंधांचे निदान पूर्वी निसटत असे ते तिने हाती येऊ लागले. शिवण्याची कल्पनाही सर्वस्वी मेली नाही. बॉस्टनच्या मार्था मरे ह्यांनी विकसित केलेल्या, तुटलेल्या टोकांमध्ये प्रथिनाचा आधार बसवून बंध जुळविण्याच्या रीतीस डिसेंबर २०२० मध्ये अमेरिकन शासनाची मान्यता मिळाली.

३. दोष कोणाचा?

१९६० नंतर दुखापतीचे कारण शोधण्याचे अनेक प्रयत्न झाले, आणि दोष क्रमाक्रमाने बूट, मैदान व पट्टा ह्यांच्यावर गेला. टॉर्ग व क्वेडनफेल्ड ह्यांनी १९७१ साली फिलाडेल्फियाच्या शालेय संघांत दाखविले, की बुटाच्या तळाशी पाऊण इंच लांबीच्या ७ खुंट्यांऐवजी पाव इंचाच्या दीडपट लांबीच्या १४ खुंट्या ठेवल्या, तर गुडघ्याच्या दुखापती स्पष्टपणे घटतात. पाय जमिनीत जितका घट्ट रुतेल तितका पीळ गुडघ्यास सोसावा लागतो, हे तत्त्व त्यावरून सिद्ध झाले. कृत्रिम गवताच्या मैदानांविषयीचा वाद ह्याच तत्त्वातून निघाला व तो अद्याप मिटलेला नाही.

पट्ट्याचा वाद तर संशोधनपद्धतीच्या अभ्यासकांनी मुद्दाम वाचावा असा आहे. बाजूने धातूच्या पट्ट्या असलेले संरक्षक वेष्टन १९८० च्या सुमारास महाविद्यालयांत पसरले. ॲरिझोना विद्यापीठातील १९८६ च्या अभ्यासास त्याचा लाभ दिसला नाही. १९८७ साली टाइट्झ व सहकाऱ्यांनी अनेक महाविद्यालयांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा पट्टा वापरणाऱ्यांतच दुखापती अधिक आढळल्या. परंतु पट्टा कोण वापरतो? ज्यास आधी दुखापत झाली आहे किंवा जो धोक्याच्या जागी खेळतो तो. हा दोष टाळण्यासाठी वेस्ट पॉइंट येथे १,३९६ छात्रांची यदृच्छेने विभागणी करून अभ्यास झाला. १९९० साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात पट्टा वापरणाऱ्यांत गुडघ्याच्या दुखापती कमी आढळल्या, पण त्यांची तीव्रता घटल्याचे दिसले नाही. एकाच वस्तूविषयी तीन अभ्यासांनी दिलेली तीन उत्तरे ही वस्तूपेक्षा विचारण्याच्या रीतीविषयी अधिक सांगतात.

ह्या सर्व शोधांत नियमाचा विचार सर्वांत मागे राहिला. कमरेखाली अडविण्यावर टप्प्याटप्प्याने निर्बंध आले. २०२२ साली तो अधिकार केवळ मधल्या मर्यादित चौकटीत, आणि तोही पुढील फळीतील व स्थिर उभ्या असलेल्या काही खेळाडूंपुरताच उरला. चेंडू घेऊन धावणाऱ्यास गुडघ्याशी पकडून पाडणे मात्र १८८८ प्रमाणेच विधियुक्त राहिले.

४. विद्यार्थी की कामगार?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. गुडघा मोडला, तर त्याचा भार कोणी सोसावयाचा? १९५३ साली कोलोरॅडोच्या सर्वोच्च न्यायालयाने डेन्व्हर विद्यापीठाचा खेळाडू अर्नेस्ट नेमेथ ह्यास कामगार-नुकसानभरपाई मान्य केली. त्याची दुखापत पाठीची होती, परंतु तत्त्व सर्व अवयवांस लागू पडणारे होते : आवारातील नोकरी व जेवण जर खेळण्यावर अवलंबून असेल, तर खेळ हे काम ठरते. चारच वर्षांनी, १९५७ साली, त्याच न्यायालयाने खेळताना मृत्यू पावलेल्या रे डेनिसनच्या विधवेची मागणी फेटाळली. ह्या काळात संघटनेने ‘स्टुडंट-अॅथलीट’ हा जोडशब्द प्रचारात आणला. तो नुकसानभरपाईच्या धास्तीतूनच घडविला गेला, अशी कबुली संघटनेचे दीर्घकाळचे कार्यकारी संचालक वॉल्टर बायर्स ह्यांनी १९९५ च्या आपल्या ग्रंथात दिली. १९७३ साली क्रीडाशिष्यवृत्ती एकेका वर्षाची करण्यात आली; तेव्हा मोडलेल्या गुडघ्याबरोबर शिक्षणही धोक्यात आले. अनेक वर्षांची शिष्यवृत्ती देण्याची मुभा पुन्हा २०१२ साली मिळाली.

ह्या व्यवस्थेत नशीब कसे विभागले जाते हे तीन उदाहरणांवरून दिसते. अलाबामाचा जो नेमथ ह्याचा गुडघा १० ऑक्टोबर १९६४ रोजी दुखावला. जानेवारी १९६५ मध्ये त्याने ४,२७,००० डॉलर्सचा करार केला, त्याच महिन्यात त्यावर शस्त्रक्रिया झाली, आणि त्याच वर्षी त्याच गुडघ्यामुळे तो सैन्यभरतीस अपात्र ठरला. मायामीचा विलिस मॅगेही ह्याचे तीन बंध ३ जानेवारी २००३ च्या सामन्यात तुटले. तरीही एप्रिलमध्ये त्याची व्यावसायिक संघात पहिल्या फेरीत निवड झाली व तो पुढे अनेक वर्षे खेळला. साउथ कॅरोलायनाचा मार्कस लॅटिमोर मात्र २०११ साली डाव्या व २७ ऑक्टोबर २०१२ रोजी उजव्या गुडघ्याने जायबंदी झाला, आणि व्यावसायिक सामन्यात एकदाही न उतरता २०१४ साली निवृत्त झाला. हे तिघेही प्रसिद्ध होते, म्हणून त्यांची नोंद आहे. ज्या शेकडोंचे नाव आवाराबाहेर गेलेच नाही, त्यांच्या गुडघ्याचा इतिहास त्यांच्यापाशीच राहिला.

ऑगस्ट २०२४ पासून संघटनेने आपल्या पहिल्या श्रेणीतील महाविद्यालयांवर, विद्यार्थी बाहेर पडल्यावरही निदान दोन वर्षे खेळातील दुखापतींचा वैद्यकीय खर्च सोसण्याचे बंधन घातले. ही प्रगती नाकारण्याचे कारण नाही. परंतु फेअरबँकने १९४८ साली दाखविलेली झीज दोन वर्षांत येत नाही. ती चाळिशीत येते. मेयो रॉबसनने आपल्या खाणकामगाराचे यश मोजले ते तो पुन्हा राबू शकला ह्यावरून. विद्यापीठाच्या खेळाडूसाठी तेवढेही माप पुरेसे नाही. कारण तो राबण्यासाठी नव्हे, तर शिकण्यासाठी आला होता, असे त्याच्या विद्यापीठानेच न्यायालयात सांगितले होते. ते म्हणणे खरे मानावयाचे, तर पदवीनंतर वीस वर्षांनी त्या विद्यार्थ्याचा गुडघा कसा आहे, ही नोंद ठेवण्याची जबाबदारीही त्याच विद्यापीठाकडे येते.