समुद्राकाठी घर घेताना : कोकण किनाऱ्यावरची परवडणारी गावे

निवृत्तीनंतर समुद्राकाठी छोटेसे घर असावे, ही इच्छा मुंबई-पुण्यातील अनेक कुटुंबांत वर्षानुवर्षे जपलेली असते. मुंबईतील एका खोलीच्या किमतीत कोकणात अंगण-परसासह घर होऊ शकते, हे खरे आहे. मात्र आयुष्यभराची पुंजी गुंतवताना केवळ किनाऱ्याची शोभा पाहून भागत नाही. गाव कोणते, तेथे बारमाही राहता येईल का आणि जमिनीचे कागद निर्वेध आहेत का, या तीन प्रश्नांची उत्तरे आधी मिळवावी लागतात.

रायगड : जवळचे आणि महाग

मुंबईकरांना सर्वांत जवळचा किनारा अलिबागचा. भाऊचा धक्का ते मांडवा ही रो-रो सेवा २०२० मध्ये आणि शिवडी-न्हावाशेवा अटल सेतू जानेवारी २०२४ मध्ये सुरू झाल्यावर हे अंतर आणखी कमी झाले. परिणामी मांडवा, किहीम, आवास, नागाव हा पट्टा मध्यमवर्गाच्या आवाक्याबाहेर गेला आहे. अलिबागच्या दक्षिणेस सुमारे पन्नास किलोमीटरवरील मुरूड-जंजिरा आणि त्यापुढील श्रीवर्धन येथे दर तुलनेने कमी आहेत. दोन्ही ठिकाणी नगरपरिषद, बाजारपेठ व शाळा आहेत. तथापि रेल्वे नाही आणि गंभीर आजारात अलिबाग किंवा मुंबईच गाठावी लागते. श्रीवर्धनच्या नारळी-पोफळीच्या वाड्यांना ३ जून २०२० रोजी आलेल्या निसर्ग चक्रीवादळाचा जबर तडाखा बसला होता. येथे घर घेताना छप्पर आणि भोवतालची झाडे यांचा विचार त्या अनुभवाच्या आधारे करावा.

रत्नागिरी : मध्यम अंतर, अधिक पर्याय

दापोली समुद्रापासून काही किलोमीटर आत आणि उंचावर असल्याने तेथील हवा किनाऱ्यापेक्षा सौम्य असते. १९७२ मध्ये स्थापन झालेल्या कृषी विद्यापीठामुळे गावाला शैक्षणिक वातावरण लाभले. हर्णै, आंजर्ले, कर्दे, लाडघर हे किनारे जवळ आहेत. घर दापोलीत आणि फेरफटका किनाऱ्यावर, ही योजना खिशाला आणि घराच्या आयुष्याला, दोन्हींना सोयीची ठरते. जवळचे रेल्वे स्थानक खेड. (दापोली तालुक्यातही मुरूड नावाचे गाव आहे. जाहिरात वाचताना जिल्हा पाहावा.)

गुहागर हे लांबलचक किनाऱ्याकाठी वसलेले शांत गाव आहे. रेल्वेसाठी आणि मोठ्या रुग्णालयासाठी चिपळूण गाठावे लागते. कायम वास्तव्याच्या दृष्टीने रत्नागिरी शहर सर्वांत सोयीचे. जिल्हा रुग्णालय, महाविद्यालये, न्यायालय आणि कोकण रेल्वेचे महत्त्वाचे स्थानक तेथे आहे. शहरातील सदनिका हा जमिनीच्या भानगडीत न पडू इच्छिणाऱ्यांसाठी उत्तम मार्ग होय.

सिंधुदुर्ग : दूरचे, पण प्रशस्त

१९८१ मध्ये वेगळा झालेला आणि १९९७ मध्ये देशातील पहिला पर्यटन जिल्हा म्हणून घोषित झालेला सिंधुदुर्ग मुंबईपासून दूर आहे. मालवणला पर्यटकांची वर्दळ असल्याने किनाऱ्यालगतचे दर चढे असतात. थोडे आत गेल्यास ते उतरतात. वेंगुर्ले त्यामानाने शांत आहे. नगरपरिषद, जुना बाजार आणि गोव्याचे सान्निध्य ही त्याची बलस्थाने. कुडाळ आणि सावंतवाडी ही रेल्वे स्थानके या दोन्ही गावांना उपयोगी पडतात. गोव्यातील मोपा विमानतळावरून २०२३ च्या जानेवारीत वाहतूक सुरू झाल्याने परगावी असलेल्या मुलांनाही येथे येणे सोपे झाले आहे.

जमीन घेण्यापूर्वी

महाराष्ट्रात शेतजमीन सर्वसाधारणपणे शेतकरी व्यक्तीलाच विकत घेता येते. कूळ कायद्याच्या कलम ६३ चा हा निर्बंध आहे. ‘आधी घ्या, दाखल्याचे पुढे पाहू’ असे सांगणाऱ्या मध्यस्थापासून दूर राहावे. शेतकरी नसलेल्यांनी बिनशेती भूखंड, गावठाणातील घर किंवा सदनिका यांचाच विचार करावा. शेतजमिनीचे प्रमाणक्षेत्रापेक्षा लहान तुकडे पाडून विकण्यावरही १९४७ च्या तुकडेबंदी कायद्याने निर्बंध घातले आहेत.

कोकणातील दुसरी अडचण सामायिक सातबाऱ्याची. आजोबांच्या नावावरील वाडीत डझनभर हिस्सेदार असतात. त्यांतील काही मुंबईत, काही परदेशी, तर काहींची वारसनोंदच झालेली नसते. एका हिस्सेदाराने लिहून दिलेले खरेदीखत इतरांना बांधील नसते. म्हणून किमान तीस वर्षांचे फेरफार, आठ-अ, मोजणीचा नकाशा आणि ‘इतर हक्क’ हा रकाना वकिलाकडून तपासून घ्यावा. या रकान्यात कुळाची नोंद, बोजा किंवा वनविषयक शेरा आढळल्यास व्यवहार थांबवणेच श्रेयस्कर.

तिसरी बाब किनारा नियमन क्षेत्राची, म्हणजे ‘सीआरझेड’ची. १९९१ मध्ये प्रथम लागू झालेल्या या अधिसूचनेची सुधारित आवृत्ती २०१९ ची आहे. तिच्यानुसार भरतीरेषेपासून ५०० मीटरपर्यंतचा पट्टा नियमनाखाली येतो. ग्रामीण भागात दाट लोकवस्तीच्या ठिकाणी ५० मीटर आणि अन्यत्र २०० मीटरपर्यंतचा भाग ना-विकास क्षेत्र असतो. खाडीकाठालाही स्वतंत्र मर्यादा आहेत. मंजूर किनारा व्यवस्थापन नकाशावर आपला सर्व्हे क्रमांक कोठे येतो, हे पाहिल्याशिवाय इसार देऊ नये. ‘समुद्राला लागून’ ही जाहिरातीतील मोहक ओळ पुष्कळदा धोक्याची सूचना असते.

सदनिका किंवा भूखंड प्रकल्पातून घ्यायचे असल्यास महारेरा नोंदणी पाहावी. लहान प्रकल्प वगळता ती सक्तीची आहे. भावाचा अंदाज घेण्यासाठी नोंदणी व मुद्रांक विभागाचा बाजारमूल्य दरतक्ता उपयोगी पडतो.

पाणी, खारी हवा आणि माणसे

कोकणात पाऊस धो धो पडतो, पण जांभ्या खडकातून पाणी झरपून निघून जाते. त्यामुळे एप्रिल-मे महिन्यांत अनेक वाड्यांवर टंचाई असते. किनाऱ्यालगतच्या विहिरी मचूळ होतात. म्हणून जागा पाहायला दिवाळीत नव्हे, मे महिन्यात जावे आणि एकदा भर जुलैतही जाऊन यावे. खाऱ्या वाऱ्याने लोखंड गंजते, विजेची उपकरणे लवकर बिघडतात. बंद घराची तर दर पावसाळ्यानंतर डागडुजी करावी लागते. हा वार्षिक खर्च किमतीत धरला नाही, तर स्वस्त घर महाग पडते.

वर्षातून पंधरा दिवस राहायचे असेल, तर घर घेण्यापेक्षा भाड्याची खोली परवडते. कायमचे राहायचे असेल, तर समुद्रापासूनच्या अंतरापेक्षा दवाखान्यापासूनचे अंतर आधी मोजावे. निर्णयापूर्वी निवडलेल्या गावात निदान एक पावसाळा भाड्याने राहून पाहावे. शेजार कसा आहे, वीज किती वेळ जाते, रात्री डॉक्टर मिळतो का, हे सातबाऱ्यावर लिहिलेले नसते.