फोर-व्हील ड्राइव्हच्या पूर्णवेळ व अर्धवेळ पद्धती : नागाव किनाऱ्याच्या संदर्भात एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

अलिबाग-रेवदंडा मार्गावरील नागाव हे अष्टागरातील नारळ-सुपारीच्या वाड्यांचे गाव होय. डांबरी रस्ता, वाड्यांमधील अरुंद वाटा, सुरूच्या बनापुढील कोरडी पुळण आणि ओहोटीनंतर उघडी पडणारी ओली वाळू असे भूपृष्ठाचे भिन्न प्रकार येथे अगदी थोड्या अंतरात आढळतात. त्यामुळे वाहनाच्या चारही चाकांना शक्ती पुरविण्याच्या दोन पद्धतींतील भेद समजून घेण्यास हा किनारा विशेष उपयुक्त ठरतो. या दोन पद्धती कोणत्या ऐतिहासिक गरजांतून निर्माण झाल्या, याचा शोध प्रस्तुत निबंधात घेण्याचा प्रयत्न केला आहे.

अर्धवेळ पद्धतीचा उगम

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्यासाठी १९४१ पासून तयार झालेली विलीस जीप हे अर्धवेळ पद्धतीचे प्रातिनिधिक उदाहरण होय. एरवी तिची मागची दोन चाकेच गाडी ढकलीत. चिखल वा वाळू लागताच चालक स्वतंत्र दांडा ओढून पुढची चाकेही इंजिनाशी जोडी. दुसऱ्या दांड्याने ‘लो’ गती निवडता येई. त्यामुळे वेग जवळजवळ निम्म्यावर येई आणि चाकांवरील ओढ त्याच प्रमाणात वाढे.

या रचनेत पुढचा व मागचा दंड एकमेकांशी घट्ट जखडले जातात. वळण घेताना पुढच्या चाकांना मागच्या चाकांपेक्षा अधिक अंतर कापावे लागते. वाळूत चाके किंचित घसरतात व हा फरक आपोआप भरून निघतो. कोरड्या डांबरावर मात्र घसरण्यास वाव नसल्याने दंड व दात्यांवर ताण साचतो, सुकाणू जड होते, टायर झिजतात आणि प्रसंगी ट्रान्सफर केस निकामी होते. ‘अर्धवेळ’ या संज्ञेचा अर्थ या मर्यादेत दडलेला आहे.

महाराष्ट्रातील प्रसार

१९४० च्या दशकाच्या अखेरीस महिंद्र कंपनीने मुंबईत विलीस जीपची जुळणी सुरू केली. १९५२ मध्ये आरंभ झालेल्या सामूहिक विकास कार्यक्रमानंतर जीप हे ग्रामीण भागात शासकीय यंत्रणेचे ओळखीचे वाहन बनले. पुढे केवळ मागच्या चाकांवर चालणाऱ्या जीपही मोठ्या प्रमाणावर विकल्या गेल्या. परिणामी मराठी बोलीत ‘जीप’ हा शब्द वाहनाच्या बांध्याचा वाचक झाला. चारही चाकांच्या ओढीशी असलेले त्याचे नाते सैल झाले. २०२० मध्ये आलेल्या व नाशिक येथे तयार होणाऱ्या नव्या थार गाडीने अर्धवेळ पद्धत व तिचा दांडा कायम ठेवला. २०२३ मध्ये तिचीही केवळ मागच्या चाकांवर चालणारी आवृत्ती बाजारात आली. म्हणजेच बाह्य रूपावरून वाहनाच्या क्षमतेचा निष्कर्ष काढणे आजही धोक्याचे आहे.

पूर्णवेळ पद्धती

युद्धोत्तर काळात एकच वाहन महामार्गावर व शेतातही चालावे, अशी अपेक्षा निर्माण झाली. १९७० मध्ये ब्रिटनमध्ये आलेल्या रेंज रोव्हरने ती पूर्ण केली. तिच्या शक्तिशाली इंजिनाची ओढ पुढच्या व मागच्या आसांत कायम विभागलेली असे. दोहोंमधील मध्यवर्ती डिफरन्शियल वळणावरील अंतराचा फरक सामावून घेई. त्यामुळे पावसाळ्यातील निसरड्या डांबरावरही चारही चाकांची ओढ निर्धोकपणे वापरता येते. तथापि या रचनेतही एक उणीव आहे. एक चाक वाळूत मोकळे फिरू लागले की शक्ती तिकडेच वाहून जाते. म्हणून मध्यवर्ती डिफरन्शियल जखडण्याची सोय ठेवावी लागली. जखडल्यानंतर ही गाडी तत्त्वतः अर्धवेळ गाडीप्रमाणेच वागते. २००८ मध्ये टाटा मोटर्सने ही ब्रिटिश कंपनी विकत घेतल्याने या परंपरेचाही महाराष्ट्राशी संबंध जोडला गेला.

नागावच्या किनाऱ्याचा संदर्भ

अलिबागहून नागावपर्यंतच्या डांबरी रस्त्यावर अर्धवेळ गाडी दोन चाकांवरच चालविणे योग्य ठरते, तर पूर्णवेळ गाडीत असा बदल करावा लागत नाही. कोरड्या पुळणीत मात्र दोन्ही गाड्यांना जखडलेले दंड, ‘लो’ गती व टायरमधील कमी हवा यांचा आधार घ्यावा लागतो. ओल्या वाळूचा प्रश्न निराळा आहे. वरून घट्ट भासणारी ही वाळू फिरत्या चाकाखाली पाणी सोडून खचते आणि गाडी आसापर्यंत रुतली की चारही चाके एकाच वेळी निरुपयोगी होतात. त्यातच अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात पाणी चढू लागल्यास गाडी काढण्यास उरणारा अवधी अत्यल्प असतो. शिवाय पुळण धरून ठेवणारी मर्यादवेल व खेकड्यांची बिळे चाकांखाली नष्ट होतात, ही हानी कोणत्याही पद्धतीने टळत नाही.

निष्कर्ष

अर्धवेळ पद्धत रणभूमीवरील खडतर वाटांसाठी, तर पूर्णवेळ पद्धत रस्ता व आडरान यांच्या संयुक्त वापरासाठी विकसित झाली. त्यांपैकी एक श्रेष्ठ व दुसरी कनिष्ठ असे म्हणता येत नाही. पहिलीत निर्णयाची जबाबदारी चालकावर असते आणि दुसरीत तिचा काही भाग यंत्राकडे जातो. भरतीरेषेच्या आत न उतरण्याचा निर्णय मात्र दोहोंतही चालकालाच घ्यावा लागतो. ‘फोर-बाय-फोर’ या एकाच नावाखाली हे भेद झाकले जात असल्याने तंत्राचा इतिहास भूमीच्या संदर्भासह अभ्यासणे अगत्याचे ठरते.