न दिसणारा शत्रु आणि पनवेलची वाट

चित्रपटगृहाच्या अंधारांत बसून भीतीचा अनुभव घेण्याची हौस अलीकडच्या पिढ्यांना फार आहे. अशा भयपटांत भूत किंवा राक्षस एकदां पडद्यावर दिसला, कीं प्रेक्षकाची निम्मी भीति ओसरते; कारण दिसणाऱ्या शत्रूपासून पळतां येतें, प्रसंग पडल्यास त्याच्याशीं झुंजतांहि येतें. खरा थरकांप होतो तो शत्रु दिसतच नाहीं तेव्हां. साधीं माणसें घरांत जेवावयास बसलेलीं असतात, दाराला कडी असते, दिवा जळत असतो आणि तरीहि कांहींतरी आंत आलेलें असतें.

मराठी मुलखाला हें कथानक कोणा लेखकानें कल्पून सांगावें लागलें नाहीं. १८९६ सालचा पावसाळा सरतांना तें मुंबईंत प्रत्यक्ष सुरू झालें. मांडवी बंदराजवळच्या दाट वस्तींत, धान्याच्या वखारींच्या आसपास, माणसें एकाएकीं तापानें फणफणूं लागलीं. जांघेंत किंवा काखेंत गांठ येई, रोगी बरळूं लागे आणि चार-पांच दिवसांत कारभार आटपे. मूळचे गोव्याचे डॉक्टर अकासियो व्हिएगस यांनीं २३ सप्टेंबर १८९६ रोजीं हा गांठीचा प्लेग असल्याचें ओळखलें. त्यांचें निदान प्रथम पुष्कळांना रुचलें नाहीं. व्यापारी शहराला अशी वार्ता परवडणारी नव्हती. आज त्यांचा पुतळा धोबीतलावाला मेट्रो चित्रपटगृहासमोर उभा आहे.

रोगाचा जंतु तोंवर अगदींच अज्ञात होता असें नव्हे. १८९४ मध्यें हाँगकाँगच्या साथींत अलेक्झांद्र येर्सिन या शास्त्रज्ञानें तो सूक्ष्मदर्शकाखालीं पाहिला होता. परंतु जंतु सांपडला, तरी तो एका देहांतून दुसऱ्या देहांत कसा जातो, हें कोणास ठाऊक नव्हतें. हवेंतून येतो, जमिनींतून येतो, कपड्यांतून येतो, कीं रोग्याच्या श्वासांतून येतो? चोराचें नांव कळलें होतें. तो घरांत कोणत्या वाटेनें शिरतो, तें मात्र कळलें नव्हतें. पुढचा सारा अनर्थ या एका अज्ञानाभोंवतीं फिरला.

मुंबई पळूं लागली. फेब्रुवारी १८९७ पर्यंत सुमारें साडेआठ लाख वस्तीच्या त्या शहरांतून पावणेचार लाखांवर माणसें बाहेर पडलीं. गिरण्यांचीं साचेखातीं ओस पडलीं, पेढ्या बंद झाल्या. कोणी आगगाडीनें घाट चढले, कोणी आगबोटीनें दक्षिण कोंकण गांठलें, आणि ज्यांचीं घरें खाडीपलीकडे होतीं त्यांनीं होड्या-पडाव धरले.

खाडीपलीकडच्या त्या मुलखाचा दरवाजा म्हणजे पनवेल. १८३० सालीं बोरघाटाचा गाडीरस्ता खुला झाला, तेव्हांपासून मुंबईचा मनुष्य पाण्याच्या वाटेनें पनवेलच्या बंदरास उतरे आणि तेथून गाडीनें पुण्याची वाट धरी. १८५२ मध्यें येथें नगरपालिका झाली. मुंबई इलाख्यांतील आरंभींच्या नगरपालिकांत तिची गणना होते. १८६३ मध्यें आगगाडी कर्जतवरून घाट चढली आणि पुण्याची मोठी रहदारी पनवेलला टाळून जाऊं लागली, हें खरें. तरी आसपासच्या तालुक्यांचें मुंबईशीं असलेलें नातें पाण्यावरूनच चाले. भात, मीठ, मासळी तिकडे जाई आणि गिरण्या-गोद्यांत राबणारे चाकरमाने सणासुदीला याच वाटेनें घरीं येत. औषधांच्या बाबतींतहि गांवाचें नांव होतें. वैद्य कृष्णशास्त्री पुराणिक यांनीं १८७२ मध्यें येथें श्रीधूतपापेश्वर हा औषधांचा कारखाना काढला होता. परंतु गांठीच्या तापावर खात्रीचें औषध त्या वेळीं ना वैद्यांपाशीं होतें, ना विलायती डॉक्टरांपाशीं.

अशा गांवाची अडचण श्रोत्यांनीं ध्यानीं घ्यावी. बंदरावर उतरणारा मनुष्य परका नव्हे. तो कोणाचा तरी भाऊ, जांवई, पुतण्या. त्याच्या डोक्यावर वळकटी, हातांत धान्याचें गांठोडें. त्याला घरांत घ्यावें तर त्याच्याबरोबर मृत्यु घरांत येईल काय? न घ्यावें तर रक्ताचें नातें तोडावें काय? पाहुण्याच्या अंगावर तर कांहींच दिसत नाहीं. प्लेग मुंबईच्या वेशींत राहिला नाहीं. ठाणें, कोलाबा, पुणें अशा जिल्ह्यांत तो पळणाऱ्यांच्या मागोमाग गेला. पनवेल, पेण, उरण अशा खाडीकांठच्या प्रत्येक गांवाला या प्रश्नाचें उत्तर दाराशीं उभें राहून द्यावें लागलें.

खेड्यांतल्या लोकांना एक गोष्ट मात्र दिसत होती. साथ येण्यापूर्वीं घरांत उंदीर पडत. आढ्यावरून, बिळांतून ते झिंगत बाहेर येत आणि माणसांदेखत मरून पडत. ‘उंदीर पडला’ असे दोन शब्द कानीं आले, कीं शहाणीं कुटुंबें भांडींकुंडीं उचलून गांवाबाहेर माळावर जात आणि झोंपड्यांत राहत. कारण त्यांना सांगतां येत नव्हतें, परंतु माळावर गेलेलीं माणसें वांचतात, हा त्यांचा अनुभव होता. अडाणी म्हणून ज्यांची हेटाळणी होई, त्यांच्या या अनुभवांत शास्त्राच्या प्रश्नाचें अर्धें उत्तर दडलेलें होतें.

सरकारनें शोध घेतला तो मात्र माणसांचा. फेब्रुवारी १८९७ मध्यें साथींच्या रोगांचा कायदा झाला. प्रवाशांना गाडींतून उतरवून तपासावें, संशयितांना वेगळ्या छावणींत न्यावें, घरांची झडती घ्यावी, सामान जाळावें, असे अधिकार अंमलदारांना मिळाले. घरें औषधी पाण्यानें धुऊन काढलीं गेलीं. मोऱ्या-गटारांत कार्बोलिकचे लोट सोडले गेले. त्यामुळें झालें असें, कीं हुसकलेले उंदीर शेजारच्या घरांत शिरले आणि रोग त्यांच्याबरोबर गेला. पहारा दारावर होता. शत्रु भिंतींतून ये-जा करीत होता.

न दिसणाऱ्या भीतीला माणसाचें मन फार काळ निराकार ठेवूं शकत नाहीं. तें तिला कोणाचा तरी चेहरा देतें. मुंबईच्या गरीब वस्त्यांनीं तो चेहरा रुग्णालयाला दिला. तेथें नेलेला रोगी परत येत नाहीं, हें डोळ्यांना दिसे. तो बहुधा शेवटच्या घटकेला नेलेला असे, हें कोणी लक्षांत घेत नसे. ऑक्टोबर १८९६ मध्यें राणी व्हिक्टोरियाच्या पुतळ्याला कोणीं डांबर फांसलें, तेव्हां राणी सूड म्हणून माणसांचीं काळजें मागते आहे, अशी कंडी उठली. त्याच महिन्यांत सुमारें हजार गिरणीकामगारांचा जमाव आर्थर रोडच्या रुग्णालयावर चालून गेला. सरकारनें, उलटपक्षीं, भीतीला लोकांच्या घाणेरड्या संवयींचा आणि लपवाछपवीचा चेहरा दिला. दोन्ही पक्ष एकमेकांकडे बोट दाखवीत होते आणि खरा अपराधी दोघांच्याहि पायांखालून जात होता.

पुण्यांत या गैरसमजानें रक्त सांडलें. तेथें वॉल्टर चार्ल्स रँड या अधिकाऱ्याच्या हाताखालीं मार्चपासून गोऱ्या सोल्जरांकडून घरझडत्या सुरू झाल्या. देवघर, माजघर, बाळंतिणीची खोली, कांहींच वगळलें जात नसे. स्त्रियांची तपासणी हा तर प्रत्येक घराला अपमान वाटे. पुढें सोल्जरांवरील अत्याचाराचे आरोप गोपाळ कृष्ण गोखले यांनीं विलायतेंत मांडले. परंतु पुरावा हातीं न आल्यामुळें परत येतांच त्यांना जाहीर माफी मागावी लागली. २२ जून १८९७ च्या रात्रीं, राणीच्या राज्यारोहणाच्या हीरकमहोत्सवाच्या दिवशीं, चापेकर बंधूंनीं गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँडवर गोळी झाडली. ३ जुलैला तो मरण पावला. त्याच रात्रीं आयर्स्ट हा दुसरा अधिकारीहि मारला गेला. दामोदर चापेकर १८ एप्रिल १८९८ रोजीं फांसावर गेले. या प्रसंगावर नचिकेत व जयू पटवर्धन यांनीं १९७९ मध्यें ‘२२ जून १८९७’ हा चित्रपट काढला.

परंतु त्याच पुण्यांत त्याच महिन्यांत दुसरेंहि कांहीं घडत होतें. सावित्रीबाई फुले आणि त्यांचे डॉक्टर पुत्र यशवंत यांनीं गांवाबाहेर प्लेगच्या रोग्यांसाठीं दवाखाना चालविला. मुंढव्याच्या एका आजारी मुलाला सावित्रीबाईंनीं स्वतः उचलून तेथें आणलें, असें सांगतात. १० मार्च १८९७ रोजीं प्लेगनेंच त्यांचा अंत झाला. लोकमान्य टिळकांनीं सरकारी जुलमावर कडक टीका केली; पण ते गांव सोडून गेले नाहींत, हिंदूंसाठीं वेगळें प्लेग-रुग्णालय उभारण्याच्या खटपटींत राहिले. रोगी ज्या रुग्णालयांत आपण होऊन जातो आणि ज्यांत त्याला ओढून नेलें जातें, त्या दोहोंतील अंतर या मंडळींनीं ओळखलें होतें.

विश्वासाचें हेंच काम एका परदेशी शास्त्रज्ञानें दुसऱ्या प्रकारें केलें. ओडेसा येथें जन्मलेले वाल्डेमार हाफकिन ऑक्टोबर १८९६ मध्यें मुंबईस आले. ग्रँट मेडिकल कॉलेजांत मिळालेल्या तुटपुंज्या जागेंत, तीन महिन्यांच्या आंत त्यांनीं प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजीं ती प्रथम स्वतःच्या अंगांत टोंचून घेतली. लोकांच्या अंगाला सुई लावण्याआधीं ती स्वतःला लावून घेण्याचें महत्त्व त्या संशयाच्या दिवसांत किती होतें, हें सांगावयास नको. १८९८ मध्यें बडोदें संस्थानांतील उंढेरा गांवीं साथ असलेल्या घरांतील निम्म्या माणसांना लस दिली गेली. लस घेतलेल्या ७१ जणांपैकीं तिघे दगावले. न घेतलेल्या ६४ जणांपैकीं २६ जण गेले. एकाच छपराखालीं, एकाच चुलीवर जेवणारीं तीं माणसें होतीं.

तरी विश्वास मिळविण्यापेक्षां तो मोडणें किती सोपें असतें, तें चार वर्षांनीं दिसलें. १९०२ मध्यें पंजाबांतील मुल्कोवाल येथें लस घेतलेल्यांपैकीं १९ जण धनुर्वातानें मेले. ठपका हाफकिन यांच्या प्रयोगशाळेवर आला आणि त्यांना पदावरून दूर व्हावें लागलें. दोष प्रयोगशाळेचा नसून एकच बाटली दूषित झाली असावी, हें मान्य होऊन ते निर्दोष ठरण्यास १९०७ साल उजाडलें. परळची त्यांची प्रयोगशाळा १९२५ पासून हाफकिन इन्स्टिट्यूट या नांवानें ओळखली जाते.

मूळ कोडें सोडविण्याचा मान पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टराचा. जून १८९८ मध्यें कराचींत त्यानें उंदरांवर प्रयोग करून दाखविलें, कीं रोग वाहून नेते ती पिसू. आरंभीं त्याचें हंसें झालें. पुढें मुंबईंत लिस्टन प्रभृति संशोधकांनीं आणि १९०५ पासून काम करणाऱ्या प्लेग-संशोधन मंडळानें तेंच सिद्ध केलें. उंदीर मरून त्याचें अंग थंड पडलें, कीं पिसवा त्याला सोडतात आणि जवळच्या उबदार देहाकडे वळतात. पिसवेच्या अन्नमार्गांत जंतूंचा बोळा बसतो. भुकेलेली पिसू पुनःपुन्हां चावते आणि प्रत्येक चाव्याबरोबर जंतु आंत सोडते. माळावर गेलेलें कुटुंब कां वांचे आणि मुंबईचें धान्याचें गांठोडें किंवा वळकटी कां घातक ठरे, तें आतां उमगलें. पाहुणा निर्दोष होता; त्याच्या वळकटींत लपलेल्या पिसवेची त्याला वार्ताहि नव्हती.

हें कळेपर्यंत किंमत भयंकर पडली. पुढील पन्नासएक वर्षांत हिंदुस्थानांत या रोगानें सुमारें १ कोटी २० लाख माणसें नेलीं. आणि तरीहि कथानक संपलें नाहीं. ऑगस्ट १९९४ मध्यें बीड जिल्ह्यांतील मामला गांवीं गांठीच्या प्लेगची शंका आली. सप्टेंबरांत सुरत हादरली आणि लाखों लोक पुन्हां गांठोडीं घेऊन पळाले. त्या वेळीं प्रतिजैविक औषधें हाताशीं होतीं, म्हणून १८९६ ची पुनरावृत्ति टळली. भीतीची मात्र झाली. मार्च २०२० मध्यें कोरोनाची साथ आली, तेव्हां महाराष्ट्रानें १८९७ चाच कायदा लागू केला. मुंबईहून कोंकणाकडे निघालेलीं माणसें पनवेलवरूनच चालत गेलीं. मे महिन्यांत पनवेल स्थानकांतून परप्रांतीय मजुरांसाठीं गाड्या सोडल्या गेल्या. शहरांतून येणाऱ्या आप्ताला घरांत घ्यावें कीं वेशीवर थांबवावें, हा खाडीकांठचा जुना प्रश्न सव्वाशें वर्षांनीं गांवोगांव पुन्हां उभा राहिला. या खेपेस जंतूचें चित्र पहिल्या कांहीं आठवड्यांतच घरोघरच्या पडद्यावर झळकलें होतें; पण दाराशीं उभ्या असलेल्या मनुष्याच्या अंगावर तें दिसत नव्हतें.

प्लेगच्या इतिहासांत शूर शिपाई, जुलमी अंमलदार, हुतात्मे आणि शास्त्रज्ञ या सर्वांना जागा आहे. त्यांच्याबरोबर पनवेलच्या बंदरावर उतरलेल्या त्या निनांवी चाकरमान्यालाहि ती मिळाली पाहिजे, आणि त्याला गांवाबाहेरच्या झोंपडींत ठेवून, दुरून कां होईना, दोन वेळची भाकरी पोंचविणाऱ्या घरच्या माणसांनाहि. शत्रु कोणता हें त्यांना ठाऊक नव्हतें. परंतु आलेला मनुष्य शत्रु नव्हे, इतकें ज्यांनीं ज्यांनीं ओळखलें, त्यांच्यामुळेंच तीं गांवें साथीनंतरहि गांवें म्हणून उरलीं.